घरमालकांच्या प्रदक्षिणा

आमच्या घरमालकांइतकं चाललेला माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही, आणि इतकं चालून कुठेही न पोचलेला तर नाहीच नाही. त्यांचं आयुष्यभराचं चालणं कोणी ओढून सरळ केलं असतं, तर ते बंगलोरजवळच्या येलहंक्याहून निघून काशी, पुढे बद्रीकेदार करून, वाटेत एखाद्या मेहुणीकडे आठवडाभर मुक्काम ठोकून आरामात परत आले असते. पण ते गोल चालत. कशाच्या तरी भोवती. जगात त्यांना एकच दिशा ठाऊक होती, ती म्हणजे उजवीकडे वळत राहण्याची. काळजीचं कारण कोणतंही असो, लहान असो मोठं असो, आमचे घरमालक पायातल्या चपला काढत, हात जोडत आणि त्या कारणाला प्रदक्षिणा घालायला लागत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला लागलो आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी बायकोला, म्हणजे नीलाला घेऊन पुण्याहून बंगलोरला आलो. येलहंका तेव्हा शहरापासून चांगलंच लांब वाटायचं. जुनी पेठ, रेल्वेचं जंक्शन, डोक्यावरून अधूनमधून जाणारी हवाई दलाची विमानं आणि बाकी सगळी शांतता. घरमालकांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळतो का पाहायला म्हणून मी त्यांच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि आत जाऊन बेल वाजवली. घरमालक बाहेर आले, माझ्याकडे न बघता सरळ स्कूटरकडे गेले आणि तिच्याभोवती फिरायला लागले. मला वाटलं, गृहस्थ मेकॅनिक असावेत. मी म्हटलं, "काही बिघडलंय का?" तर ते फिरता फिरताच म्हणाले, "नाही हो. बिघडू नये म्हणून. लांबनं आलाय ना तुम्ही?" मग थांबून, हात डोळ्यांना लावून, मोठ्या प्रसन्नपणे म्हणाले, "हां, आता या आत. घर तुमचंच."

ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. मराठी घरात बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड अशी मुरली होती की कुठलं पीठ कुठलं ते चाळून वेगळं करता येऊ नये. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे, त्यांच्या बायकोला अक्का. आम्हीही तेच म्हणायला लागलो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. रागात असले तर "इंजिनेर" आणि मायेत असले तर "स्वामी". मी इंजिनीअर नाही, पदार्थविज्ञानवाला आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मिक्सर दुरुस्तीला आणून ठेवायचे.

सकाळची त्यांची प्रदक्षिणा अधिकृत असे. कोपऱ्यावर पिंपळाचा पार होता, पाराला टेकून नागाचे दगड उभे केलेले, हळदीकुंकवाने माखलेले. तिथे फिरणारे पुष्कळ होते. त्यात घरमालक उठून दिसत नसत. त्यांचं वेगळेपण सुरू व्हायचं ते तिथून परत आल्यावर. पाण्याची मोटर घरघरली आणि बंद पडली की ते आधी अंगणातल्या टाकीभोवती फिरत, मग मेकॅनिककडे माणूस पाठवत. अक्कांनी नवीन गॅसची शेगडी आणली, तेव्हा तिच्याभोवती फिरता यावं म्हणून ती त्यांनी भिंतीपासून ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणली, आणि अक्कांनी ती शब्दही न बोलता पुन्हा भिंतीला लावली. असं तीनदा झालं. शेवटी अक्का म्हणाल्या, "लग्नात अग्नीभोवती फिरवलं ना मी यांना, तेव्हापासून थांबायलाच तयार नाहीत. भटजींनी थांबा म्हणून सांगायचं विसरलं."

पण खरी कमाल तारेची. त्या काळी तार आली म्हणजे घरातल्यांचं काळीज हलायचं. आमच्या पोस्टमनने सायकलवरून उतरून "अण्णा, टेलिग्राम" म्हटलं की घरमालक तार हातात घ्यायच्या आधी पोस्टमनलाच प्रदक्षिणा घालत. तो बिचारा एका हाताने सायकल धरून, मारुतीसारखा उभा राहायचा. त्याला सवय झाली होती. फक्त मधून मधून "बेग, अण्णा, बेग" म्हणून घाई करायचा. एकदा मी गॅलरीतून बघत होतो. घरमालकांनी त्याच्याभोवती फिरून तार उघडली, तर ती शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्याच माणसाची. त्यांनी ती परत दिली आणि म्हणाले, "असू दे. त्यांच्या नावानं फिरलो. बरी बातमी आहे."

क्रिकेटचा सामना असला की त्यांना टीव्हीपुढे बसवेना. ते घराभोवती फिरत आणि खिडकीशी आले की आतून कोणीतरी धावसंख्या ओरडून सांगे. एका सामन्यात ते पाणी प्यायला आत आले आणि लागोपाठ दोन गडी बाद झाले. तेव्हापासून शेजारपाजारचे सगळे त्यांना दारातच अडवायचे. "बाहेरच राहा अण्णा, आत येऊ नका!" मग अक्का खिडकीच्या गजांतून पाण्याचा लोटा बाहेर देत. भारत जिंकला तर गल्लीतली माणसं त्यांचे हात हातात घेत, आणि ते खेळाडूसारखे लाजत.

मला, पुण्यात वाढलेल्या आणि विज्ञानावर पोट भरणाऱ्या माणसाला, हे सगळं प्रथम मजेचं वाटे. एका रविवारी कॉफी पिताना मी त्यांना विचारलं, "अण्णा, किती प्रदक्षिणा घालता एका वेळी?"

"मोजत नाही."

"मग थांबायचं कधी, ते कसं कळतं?"

"भूक लागते," ते म्हणाले. "काळजी असते तोवर भूक लागत नाही बघा. फिरत राहायचं. पोटात स्वल्प कालवल्यासारखं झालं की समजायचं, मन खाली बसलं. मग घरी येऊन जेवायचं."

मी मोठ्या उत्साहाने त्यांना समजावलं की चालण्याने श्वासाला लय येते, स्नायूंचा ताण उतरतो, मेंदू शांत होतो, त्यात देवाचा काही संबंध नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे की. मग तुम्ही नुसतं चाला. देव आला बरोबर तर येऊ द्या, नाही आला तर वाट काय त्याच्या बापाची आहे? माझं म्हणाल, तर मी नुसताच घराभोवती फिरलो असतो तर लोकांनी मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. रामाचं नाव घेतो म्हणून भाविक म्हणतात."

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि नीलाला दिवस गेले. घरमालकांना ही बातमी अक्कांकडून कळली. त्यांनी नीलाभोवती फिरायला सुरुवात केली नाही, एवढीच त्यांची सभ्यता. पण नीला जिन्यावरून उतरायला लागली की ते खाली उभे राहून जिन्याकडे असे बघत की जिन्यालाच घाम फुटावा. माझी आई पुण्याहून आठव्या महिन्यात यायची होती. सातव्यातच, एका दुपारी, मी कामावर असताना नीलाच्या पोटात कळा सुरू झाल्या. अक्कांनी शेजारून माझ्या ऑफिसला फोन करवला आणि घरमालकांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक रिक्षा अडवली. नीला पुढे मला सांगायची की तेवढ्या गडबडीतही त्यांनी रिक्षाभोवती एक फेरी मारलीच, आणि रिक्षावाला "टाइम इल्ला, अण्णा, टाइम इल्ला!" वेळ नाही म्हणून ओरडत होता, आणि तिला त्या कळांत हसू आलं.

मी शहरातल्या नर्सिंग होममध्ये पोचलो तेव्हा मुलगी झालेली होती. दोन्ही तळहातांत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "फुप्फुसं तयार झालेली नाहीत अजून. आम्ही आमचं सगळं करतो आहोत. वाट बघायची." नीला वेगळ्या खोलीत होती, तिला उठायची परवानगी नव्हती. ती मला सारखं एकच विचारी, "कशी आहे?" आणि मी सारखं एकच सांगे, "बरी आहे." माझा चेहरा काहीतरी वेगळंच सांगत असणार, कारण प्रत्येक वेळी ती भिंतीकडे तोंड फिरवी.

मी काचेबाहेरच्या बाकावर बसलो. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं काही घडत होतं ज्यात माझ्या शिक्षणाचा, नोकरीचा, हातापायांचा कशाचाच उपयोग नव्हता. नर्स बाहेर आली की मी उठून उभा राहायचो, ती गेली की बसायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरमालक होते. येलहंक्याहून दोन बस बदलून आलेले, हातात अक्कांनी दिलेला डबा. त्यांनी काचेतून बाळाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग डबा बाकाखाली ठेवला, चपला काढल्या आणि मला म्हणाले, "उठा."

"कुठे?"

"बाहेर. इथं बसून तुम्ही तिला काय मदत करताय? हातांना काम नसलं की पायांना द्यावं."

मीही चपला काढल्या आणि उठलो. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. आम्ही दोघे त्या इमारतीभोवती चालायला लागलो. समोर गुलमोहोर, रुग्णवाहिका, मग बाजूला जनरेटर, मागे वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारी सांबाराची वाफ, ऑक्सिजनची रिकामी नळकांडी, आणि पुन्हा गुलमोहोर. पहारेकऱ्याने दोन फेऱ्या आम्हाला जाऊ दिलं आणि तिसरीला आडवा आला. "एनु बेकु सार्?" काय पाहिजे म्हणून. घरमालक हात जोडलेलेच ठेवून म्हणाले, "एनू बेडप्पा." काही नको बाबा. आणि वर बोट दाखवून म्हणाले, "मगू." बाळ. तो माणूस बाजूला झाला. पुढच्या फेरीला मी पाहिलं, त्याने वाटेतली आपली खुर्ची उचलून कडेला ठेवली होती.

घरमालक पुटपुटत होते. मी मुकाट चालत होतो. थोड्या वेळाने म्हणाले, "काहीतरी म्हणा. मोकळं डोकं चांगलं नाही."

"मला काही येत नाही, अण्णा."

"मग पोरीचं नाव घ्या."

"नाव नाही ठेवलं अजून."

ते थांबले. मध्येच थांबलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग नुसतं 'बाळ' म्हणा. देवाला कळेल कुठलं."

मी म्हणायला लागलो. एका पावलाला 'बाळ', दुसऱ्या पावलाला 'बाळ'. पहिल्यांदा लाज वाटली, मग कळलंच नाही कधी डोळे वाहायला लागले. घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते एक पाऊल पुढे सरकून चालत राहिले, जनरेटरपाशी बसलेल्या माणसाला मी दिसू नये एवढ्या बेताने. ऊन वर आलं, पाय पोळायला लागले, आणि कुठल्याशा वळणावर, स्वयंपाकघरामागे, मला एकदम जाणवलं की मला खूप भूक लागली आहे. कालपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी तसं सांगितलं तर ते म्हणाले, "सरी. चला." गुलमोहोराखाली बसून आम्ही अक्कांनी दिलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, खाल्लं. मग मी नीलाकडे गेलो. तिने विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "लढते आहे गं. मी बघितलं तिला, मुठी आवळल्यात तिने." नीलाने माझा चेहरा निरखला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. माझा हात धरून ती झोपली.

ते रोज येत. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी आत एकदम धावपळ झाली. कोणीतरी काचेवरचा पडदा ओढला. बाळाचा श्वास थांबला होता. मला बाहेर काढलं. घरमालक गुलमोहोराखाली उभे होते. मी त्यांच्या अंगावर ओरडलो, "आता कशाला फिरायचं? काय उपयोग आहे याचा? तुम्ही म्हणालात म्हणून मी फिरलो!"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी कधी म्हणालो, स्वामी, की फिरल्यानं पोर वाचते?"

मी कपाळ गुलमोहोराच्या बुंध्याला टेकवलं.

"आमचीही होती," ते म्हणाले. "मुलगा झाला त्याच्या आधीची. साडेतीन वर्षांची होती. ताप आला. दवाखाना दुसरा होता, आता पाडला तो. मी त्याच्याभोवती असाच फिरलो. ती गेली."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमची अक्का आत तिला धरून बसली होती. मी आत गेलो तेव्हा मी उभा होतो, कळलं? अक्काला धरायला कोणीतरी उभं असायला हवं होतं. तेवढ्यासाठीच फिरायचं. देवाला बदलायला कोण फिरतो? तो ऐकतोय की नाही, ते त्याचं त्याला. मी मोडू नये म्हणून मी फिरतो." मग माझा दंड धरला. "चला. आत तुमची बायको आहे. तिच्याकडे काही घेऊन जावं लागेल तुम्हाला, चांगलं नाही तर वाईट. चला."

आम्ही चाललो. मला आता त्या फेऱ्यांतलं काही आठवत नाही, फक्त त्यांची पकड आठवते. पार्सलांची ओझी उचललेला हात होता तो. कितव्या तरी फेरीला नर्स दारात आली आणि दोन्ही हातांनी मला बोलावू लागली. मुलगी श्वास घेत होती. घरमालक तिथेच, तापलेल्या जमिनीवर, मांडी घालून बसले आणि पदराने पुसावं तसं उपरण्याने तोंड पुसत राहिले.

महिन्याभराने आम्ही तिला येलहंक्याला घरी आणलं. आई आली होती. बारशाच्या आदल्या दिवशी नीला खाली गेली आणि तिने अक्कांना विचारलं, की तुमच्या मुलीचं नाव काय होतं, आम्ही तेच ठेवू का. आमच्या दोघांचं तसं ठरलं होतं. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ खडे काढले आणि म्हणाल्या, "गौरी. पण नको गं. ते तिचंच असू दे. तुझ्या पोरीला तिचं स्वतःचं नाव ठेव." म्हणून आम्ही मुक्ता ठेवलं. बारशाला घरमालकांनी पाळण्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की आई हळूच मला म्हणाली, "बाळाला घेरी येईल रे."

मुक्ता वाढली ती निम्मी आमच्याकडे, निम्मी खाली. रांगायला लागली ती थेट जिन्याकडे. घरमालकांचा मुलगा नोकरीनिमित्त परगावी होता, त्यामुळे खालचं घर रिकामंच होतं, ते तिने भरून टाकलं. ती दीड वर्षाची असेल. मी संध्याकाळी कामावरून आलो आणि तिला आणायला खाली गेलो. अक्का तिला भरवत होत्या. मुक्ताने तोंड फिरवलं आणि पळाली, आणि अक्का तिच्यामागे जाताना सहज म्हणाल्या, "गौरी, बा इल्ली." इकडे ये. तोंडातून गेल्यावर त्या थबकल्या. दारात घरमालक उभे होते. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती, ती त्यांनी हळूच खाली ठेवली. मुक्ता वळून आली आणि अक्कांच्या हातातला घास तिने खाल्ला. मी वर निघून आलो आणि नीलाला सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या मुलीला दोन नावं झाली. वर मुक्ता, खाली गौरी. ती दोन्हींना ओ द्यायची, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

दशक संपत आलं तेव्हा माझी पुण्याला बदली झाली. पुण्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात फोन आला. आईने उचलला. पलीकडून कोणीतरी विचारलं, "गौरी आहे का?" आईने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा नीला धावत आली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो फोन येई. आधी अक्का बोलायच्या, मग घरमालक. मुक्ता कन्नड झपाट्याने विसरत चालली होती, शाळेत कोणाशी बोलणार? पण फोनवर पलीकडून "हेगिद्दीया, गौरी?" असं आलं की ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, खणखणीत आवाजात म्हणायची, "चेन्नागिद्दीनि, ताता!" छान आहे, आजोबा, म्हणून. मग पलीकडे थोडा वेळ कोणीच बोलत नसे, आणि मुक्ता माझ्याकडे बघून विचारी, "बाबा, फोन बंद पडला का?" मी म्हणायचो, "नाही गं. थांब जरा. ऐकतायत."

आधी अक्का गेल्या. त्यानंतरही रविवारचा फोन येत राहिला, आवाज फक्त बारीक होत गेला. मग एका रविवारी तो आला नाही, आणि दुपारी त्यांच्या मुलाचा आला.

मुक्ता आता माझ्या खांद्यापेक्षा उंच आहे. तिला येलहंक्यातलं फारसं काही आठवत नाही. पिंपळाचा पार नाही, स्कूटर नाही, ती काचेची पेटी तर नाहीच. मध्यंतरी तिने मला विचारलं, "बाबा, लहानपणी मला कोणीतरी गौरी म्हणायचं ना? कोण म्हणायचं?" मी तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.